डब्याचं बटण

४ मार्च
डबा चालू झाला! दादाचा जुना लॅपटॉप, स्क्रीन फुटलेली, बॅटरी मेलेली, भंगारात जाणार होता. पेनड्राइव्हवर हलकं लिनक्स घातलं, मागे गाण्यांची हार्ड डिस्क जोडली — आता टीव्हीवर, फोनवर, स्वयंपाकघरात, कुठेही गाणी आणि फोटो. एवढीशी सिस्टिम, सगळी मेमरीतच राहते. नवं काही शिकवलं की ‘साठव’ म्हणून बजावावं लागतं, नाहीतर बंद केलं की पाटी कोरी. दिवसभर चष्म्याची भिंगं घासणाऱ्या बाईने हे जमवलं. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

बाबा म्हणाले, "वीज किती खातो?" म्हटलं, झिरोच्या बल्बएवढी. "झिरोचा बल्ब तरी आपण कुठे लावतो?"

६ मार्च
डॉक्टरांनी तारीख दिली — एकवीस. स्वरयंत्र पूर्ण काढणार. गाठ जाईल, बाबा राहतील, आवाज राहणार नाही.

आणि आवाज म्हणजेच तर बाबा! अख्खी नोकरी बसस्थानकाच्या माइकवर गेली. लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात. येताना म्हणाले, "चला, सुटलीस माझ्या कटकटीतून." मला हसू आलं नाही.

७ मार्च
ठरलं. रोज संध्याकाळी बाबांना बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, डब्यात ठेवायचं. आज नुसता माइक तपासला. तो तुकडा गाण्यांतच टाकला. उद्यापासून नीट, वेगळा फोल्डर.

१३ मार्च
बाबा खुललेत. आज आईची गोष्ट. "ती फलाट चारवर उभी, बस लागलेली दोनवर. तिच्या एकटीसाठी मी तीनदा पुकारा केला. तरी चुकवलीन. मग काय, माइक सोडून सांगायला गेलो." एवढी वर्षं दोघांनी हे पोटात ठेवलं होतं.

माझा फोन कायम भरलेला. डब्यात टाकलं की फोनवरून उडवून टाकते. टीव्हीवर लावून पाहिलं, स्वच्छ ऐकू येतं.

२१ मार्च
निघताना बाबांची नेहमीची फेरी. घर सोडायचं म्हणजे सगळी बटणं बंद — फ्रिजचंसुद्धा. मी खालून हाका मारतेय, टॅक्सी थांबलीय, आणि हे आपले खोल्या हिंडतायत.

ऑपरेशन नीट झालं.

२२ मार्च
कपडे न्यायला घरी आले. डबा बंद. फेरीत तोही गेला. चालू केला. गाणी आहेत. फोटो आहेत. ‘बाबा’ फोल्डर नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. तो फोल्डर मी हार्ड डिस्कवर केलाच नव्हता. सिस्टिमच्या मेमरीत केला होता. सगळीकडे वाजत होता, म्हणून मी निर्धास्त! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

बटण बाबांनी बंद केलं, पण चूक माझी. आपला आवाज आपल्याच हाताने गेला, हे त्यांना कधीही कळता कामा नये.

२ एप्रिल
बाबा घरी आले. गळ्याला भोक, हातात पाटी. बसल्या बसल्या लिहिलं, "आईची गोष्ट लाव."

म्हटलं, बाबा, माझ्या हातून पुसली गेली. सगळंच गेलं. आणि रडले. त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "तू ऐकलीस ना? झालं तर."

५ एप्रिल
दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. म्हणाला, "ताई, मेमरीतलं वीज गेली की गेलं. ते परत नाही यायचं." माहीत होतं. तरी गेले.

९ एप्रिल
काखेत कळसा!

सुट्टी. मी भाजी चिरत होते, बाबा लसूण सोलत होते. डब्यावर गाणी लावलेली, कशीही, क्रम न लावता. एक गाणं संपलं आणि एकदम बाबा —

"चालू आहे का हे? बाहेर जाताना ह्याला बंद केलं तर काय होतं?"

"विसरतो तो. तुम्ही हात लावू नका." ही मी.

"विसरतो? म्हणजे माझ्याहून म्हातारा. प्रवाशांनी लक्ष द्यावे, फलाट क्रमांक दोनवरील डब्याला हात लावू नये."

मग आमचं दोघांचं हसणं.

माइक तपासलेला तुकडा! गाण्यांत होता, म्हणजे डिस्कवर होता. मी सुरी टाकून रडले, इतका आनंद झाला. बाबांचे हात थांबले होते. बोटाने खूण केली — पुन्हा. लावला. पुन्हा खूण. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर उठले, काही न लिहिता आत गेले. दमले असतील.

१० एप्रिल
दुकानातून आले. बाबा फिरायला गेलेले. घरातली सगळी बटणं बंद, फ्रिजचंसुद्धा. फक्त डबा चालू. त्याच्या बटणाशेजारी चिकटपट्टी, तिच्यावर बाबांचं अक्षर — "हे बटण मी पुन्हा बंद करणार नाही."