मागच्या चाकाखालची फळी

नाना, तुमची गाडी अजून मीच चालवते आणि डबल स्टँडवरही मीच लावते. इथे जळगावात आमच्या इमारतीचा वॉचमन रोज संध्याकाळी पुढे येतो. "ताई, मी लावू का?" मी म्हणते, "बाजूला व्हा भाऊ, पायावर येईल." एक हात हँडलला, दुसरा मागच्या कडीला, उजवा पाय स्टँडवर, आणि अंग सोडून दिलं की गाडी खट्कन वर. तो बघत राहतो. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

शिकवलंत तुम्ही, पिंपळनेरच्या अंगणात. मी अकरावीत. दोन्ही हातांनी ओढतेय, तोंड लालबुंद, गाडी ढिम्म. तुम्ही गुरांच्या औषधांची पिशवी ओट्यावर ठेवता आणि खेकसता, "म्हैस उचली ऱ्हायनी का? हातनं उचलानी नही, माय. बठ्ठं वजन पायवर टाक, गाडी आपोआप उठस." पाड्यांवरच्या कच्च्या चढांवर साईड स्टँड मातीत रुतायचं, म्हणून तुमचा सगळा भरवसा या डबल स्टँडवर. नियमही तुमचाच, घरादाराला ऐकवलेला: ज्या दिवशी ही स्टँडवर लागणार नाही, त्या दिवशी चावी आईच्या हातात.

तुमची सत्तरी उलटली तेव्हाची गोष्ट. मी दिवाळीला माहेरी आले होते. तुम्ही तीनदा जोर लावलात. तिसऱ्यांदा गाडी कलली, ती कशीबशी भिंतीला टेकवलीत आणि ओट्यावर बसून राहिलात. आई आत करंज्या तळत होती, तिने पाहिलं नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि मला रडू फुटलं. गाडी सुटली की तुम्ही खाट धरणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मोडक्या दाराची बोटभर जाड फळी मी अंगणात तुमच्या गाडीच्या जागेवर टाकली. मागचं चाक फळीवर घेतलं की स्टँडचं निम्मं काम होतं. तुम्ही विचारलंत, "हाई काय शे?" मी म्हटलं, "चिखल होतो तिथे, नाना." दिवाळीत कसला चिखल! तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. पुढे चार वर्षं तुम्ही पाड्यांवर जात राहिलात; तिथे गाडीला हात लावायला पोरं असायचीच.

तुम्ही गेल्यावर गाडी न्यायला आले, तेव्हा फळी उचलून पाहिली. तिची एक कड रंध्याने तासून उतरती केलेली होती, चाक सहज चढावं म्हणून. आपल्या घरात रंधा तुमच्याशिवाय कोणी हातात धरला नव्हता. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि माझं खोटं तुम्ही चार वर्षं सांभाळलंत. तेवढं मला समोर बसून बोलायचं होतं.

आणि वॉचमनची गोष्ट सांगताना एक गाळलं. यंदा माझा गुडघा कुरकुरतोय. ती फळी आता इथे गाडीखाली असते. परवा त्याने विचारलंच, ही कशाला? मी म्हटलं, चिखल होतो. आमच्या पार्किंगला फरशी आहे, नाना.