पाचव्यांदा विचारलेला प्रश्न

३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

वहिनीला तिसरा महिना लागला हे वाचून मी ऑफिसातच टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरच्या वाचा-उपचारवाल्या बाई केवढ्या दचकल्या! पण बाबांना एक सांग, घरातली पहिली पदवी मिळवली म्हणजे हातून शहाणपणच होतं असं नाही. परवा माझ्याकडून फार वाईट झालं.

आमच्या दिव्यांग केंद्रात एक एकोणीस वर्षांची मुलगी येते. घरी तिला बबडी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते, आणि घडी अशी की कडेला कड. पण सांगितलेलं तिच्या डोक्यात टिकत नाही. समजलं का विचारलं की हो म्हणते, मग भलतंच करते, आणि असं का केलंस विचारलं की घाबरून काहीतरी रचून सांगते. लॉन्ड्रीतल्या मुकादमबाई तिला खोटारडी म्हणतात. ती खोटारडी नाही, दादा. ती पोटात असताना तिची आई दारू प्यायची आणि त्याने बबडीच्या मेंदूला इजा झाली, असा आम्हा सगळ्यांचा अंदाज आहे. डॉक्टरांनी तसं निदान लिहून दिलं, तर लॉन्ड्रीत शेजारी उभं राहून काम समजावणारी एक मदतनीस तिला मिळेल. नाहीतर महिनाअखेर तिचं काम जाणार.

पण नुसत्या अंदाजावर डॉक्टर लिहीत नाहीत, आईने सांगायला हवं. आता आमचा कारभार ऐक. डॉक्टरांनी तिला विचारलं ते दार सताड उघडं आणि बाहेर रांग असताना. ती नाही म्हणाली. शिक्षिकेने विचारलं तेव्हा थोडीशी म्हणाली. मग वाचा-उपचारवाल्या बाईंनी विचारलं, मानसतज्ज्ञांनी विचारलं, तेव्हा ती गप्प. यातलं कुणी कुणाला काही कळवलं नाही. आणि या सगळ्यांचा मेळ घालण्यासाठी नेमलेली मी, मीही पाचव्यांदा तेच विचारलं! ती उठली आणि म्हणाली, की आता हे कपाळावरच गोंदवून घेते, म्हणजे तुमचा त्रास वाचेल. बबडीला घेऊन गेली ती परत आलेलीच नाही.

मला घास गिळवत नाही. रागव हवं तर, पण लिही.

तुझी
बारकी

९ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र दुकानात लिहितोय, तेव्हा ग्रीसचे डाग गोड मानून घे. तू म्हणजे परीक्षेला दोन पेनं नेऊन तिसरं मोज्यात लपवणारी पोरगी! राईचा पर्वत करण्यात तुझा हात कोण धरणार? आई-बाबांनी तुझं प्रमाणपत्र टीव्हीच्या वर लावलंय. पाहुणा आला की आधी ते दाखवतात, मग पाणी विचारतात.

आता खरं बोलू? पोटात लेकरू असताना पिणारी बाई, तिला पाच वेळा विचारलं तर काय बिघडलं? कसली आई ती! पोरीचं नुकसान करून वर तोराही तिचाच. तू उगाच जीव जाळू नकोस.

तुझी वहिनी मजेत आहे. सायकलच्या बेलचा आवाज ऐकला तरी हसते. बाळ दुकानात बसणार की तुझ्यासारखं पुस्तकात, यावर आमची पैज लागलीय.

जेवत जा. सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, हे लिहायला नको.

दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला, म्हणून उशिरा लिहितेय. कसली आई म्हणतोस? बबडी चुकून दुसऱ्याच बसमध्ये चढते, म्हणून रोज लॉन्ड्रीच्या फाटकापाशी उभी राहणारी आई. बबडी शाळेत गेल्यापासून तिने थेंब घेतलेला नाही. त्याआधीचं मला माहीत नाही, आणि मी आता विचारणारही नाही.

तेच मी बैठकीत मांडलं. म्हटलं, हा प्रश्न यापुढे कुणी विचारायचा नाही. तिला वाटलं तर ती सांगेल, ती निवडेल त्या माणसाला, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून समजून घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, की ऐकीव गोष्टी पुढे पोचवायला मी काय पोस्टमन आहे? पण उघड्या दाराची आठवण शिक्षिकेने करून दिली, तेव्हा ते जरा वरमले.

मग आणखी एक निघालं. समजलं नाही तर विचार, असं शिक्षिकेने बबडीला शिकवलंय. मुकादमबाईंना सारखं विचारू नकोस, असं मी. आधी म्हणून दाखव, असं वाचा-उपचारवाल्या बाईंनी. आधी शांत हो, असं मानसतज्ज्ञांनी. बारा सुगरणी आणि आमटी अळणी! बिचारी सगळ्यांनाच हो म्हणत होती. आता एकच ठरलंय: मुकादमबाईंनी एका वेळी एकच काम सांगायचं, तेही करून दाखवून.

काल बबडीच्या आईकडे गेले. दार उघडलं नाही. बंद दाराशीच उभं राहून ठरलेलं सगळं सांगितलं आणि परत आले. महिना संपत आलाय.

वहिनीला माझं प्रेम. तुझ्या वाट्याला पुढच्या पत्रात.

बारकी

२१ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं तुझ्या वहिनीने वाचली आणि रडायला लागली. दिवस गेल्याचं कळायच्या आधी मित्राच्या घरी मेजवानी होती. तिथे तिने दारू घेतली होती, दोनदा. ग्लास मीच भरून दिला होता.

आईने विचारलं का घेतलीस, माझ्या सासूबाईंनी फोनवर तेच विचारलं. आणि मी, ग्लास भरणारा, मीही विचारलं, किती घेतली होतीस गं नक्की? मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने दार लावून घेतलं. बाहेर उभा होतो आणि तुझी ती बाई आठवली. मागच्या पत्रातलं माझं वाक्य खोडून टाक.

बाळाला काही होईल का? धीर द्यायला म्हणून खोटं लिहू नकोस.

दादा

२८ फेब्रुवारी

ती. दादास,
आणि आधी वहिनीस, बारकीचा सा. न. वि. वि.

खोटं लिहिणार नाही. काहीच होणार नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि काहीतरी होणारच असं म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. आता एक थेंबही नको, यात मात्र शंका नाही. थांबल्याचा फायदा होतोच. वहिनीने तिच्या डॉक्टरांना एकदा सगळं सांगावं, दार लावून. दादा, तू शेजारी बस, आणि ग्लास कुणी भरला ते तू सांग. त्यानंतर घरात कुणी विचारायचं नाही. आईला मी वेगळं लिहितेय.

आता माझी बातमी. गुरुवारी बबडीची आई आली. मला वाटलं एकाला निवडेल, कदाचित शिक्षिकेला. तर म्हणाली, एकदाच सांगायचंय ना, मग सगळ्यांना बोलवा. आम्ही पाचही जण बसलो, डॉक्टरांनी स्वतः उठून दार लावलं. बबडीलाही तिने शेजारी बसवून घेतलं. मग सरळ सांगितलं, की बबडीच्या वेळी मी रोज पीत होते. त्याने पोटातल्या बाळाला काही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बबडीने आधी आईचा पदर हातात घेऊन त्याची कडेला कड जुळवली. मग विचारलं, की म्हणजे मी खोटारडी नाही ना, हे मुकादमबाईंना सांगू का?

डॉक्टरांनी तिथेच निदान लिहिलं. मदतनीस सोमवारपासून येतेय. मुकादमबाईंनी आणखी तीन महिने बघू म्हटलंय. पुढचं माहीत नाही, पण परवा त्यांनी बबडीला एक चादर घडी घालून दाखवली, आणि बबडीने त्यांचीच घडी दुरुस्त करून दिली म्हणे!

मी जेवतेय. वहिनीच्या दाराशी उभा असशील तर काही विचारू नकोस, नुसतं आलोय म्हण.

माझ्यावरचा लोभ सध्या थोडा कमी केलास तरी चालेल. तो वहिनीला दे.

तुझी
बारकी