पलीकडचा काठ

५ जानेवारी, सकाळी ८
नवं वर्ष, नवी वही. संकल्प तीन. एक, साखर बंद. दोन, रोज संध्याकाळी चालणं. तीन, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं कॅड पक्कं शिकणं. तसं ते येतंच मला. एकतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर घालवली आहेत, आता फक्त बटणं कुठे आहेत तेवढं बघायचंय. गाउंडर साहेबांनी आईच्या गावचा पायपूल माझ्याकडे दिला. अठरा मीटर. आमच्या बेटावरच्या लंबासाच्या या बांधकाम ऑफिसात दुसरं आहे कोण? सर्व्हेवाली सेरेआना आहे, कॉम्प्युटर तिच्या हाताखाली धावतो, पण अनुभव शून्य.

९ जानेवारी
गावी जाऊन आलो. आईच्या पायाची जखम अजून ओली. डायबेटिस. दर मंगळवारी ड्रेसिंगसाठी बांबूच्या तराफ्यावरून नदी ओलांडते आणि नवी पट्टी भिजवून घरी येते. नर्सने बजावलंय, पाय कोरडा ठेवा, नाहीतर बोटं जातील.
गावच्या सभेत यांगोनाच्या मुळीच्या पेयाची तिसरी वाटी झाल्यावर उभा राहिलो आणि शब्द दिला. जूनअखेर पूल, आणि त्यावर पहिलं पाऊल आईचं. टाळ्या. उद्घाटनासाठी गावाने डुक्कर पाळायला घेतलंय. त्याचं नाव ठेवलंय ‘इंजिनिअर’. हा मानच म्हणायचा.
(साखर: पाहुणचाराची मोजायची नाही.)

२६ जानेवारी
वादळ. पाच दिवस ऑफिस बंद. नदीला मोठा पूर. ड्रॉइंग सुखरूप, कारण ते कॉम्प्युटरात. चालणं तहकूब, रस्ताच पाण्यात.

११ फेब्रुवारी, सकाळी
घात झाला. सेरेआना पूर ओसरल्यावर पुन्हा मोजणी करून आली आणि नवा सर्व्हे तिने सगळ्यांसाठी सर्व्हरवर टाकला. मी माझी फाइल उघडतो तर पलीकडचा, गावाकडचा पाया चक्क नदीत! काल जमिनीवर होता. कॉम्प्युटरने काठ गिळला. असल्या यंत्राच्या भरवशावर लोक पूल बांधतात, कमाल आहे. सेरेआनाला विचारणार नाही. विचारलं की ‘सरका काका’ म्हणते आणि माउस हातातून घेते.

दुपारी ३
सोडवलं! एकट्याने! तिचा सर्व्हे काढून टाकला, माझ्या फोल्डरमधला डिसेंबरचा जोडला. पाया परत जमिनीवर. आणि म्हणे या इनोकेला कॅड येत नाही. स्वतःला बक्षीस म्हणून दोन क्रीम बन.

१८ फेब्रुवारी
आईचा फोन. म्हणाली, आपल्या काठावरचं नीरफणसाचं झाड गेलं, धुण्याचा दगड गेला, काठच गेला. मी समजावलं, आई, काठ असा कुठे जाणार? तर म्हणाली, समुद्रात, आणखी कुठे. वय झालं तिचं. नजरही कमी झालीय.

३ मार्च
ड्रॉइंग दिलं. सेरेआनाने विचारलं, काका, नवा सर्व्हे घेतलात ना? हो म्हणालो. खोटं नाही. घेतला होता, सकाळपासून तीन वाजेपर्यंत. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘सर्व्हे अद्ययावत’ लिहून सही ठोकली. गाउंडर साहेब म्हणाले, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास. आणि खरंच डोळे मिटूनच सही केली.

२२ एप्रिल
पुलाचे आडवे गर्डर ओतून तयार. यार्डात जाऊन आलो. अठरा मीटर म्हणजे अठरा मीटर. काँक्रीटवरून हात फिरवला, डोळे भरून आले. संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. तिचा अंगठा काळा पडलाय. म्हटलं, नऊ-दहा आठवडे धीर धर. म्हणाली, मी धरेन रे, अंगठ्याचं काही सांगता येत नाही.

१९ मे, सकाळी ९.४०
काम सुरू. फोरमन वाइसेआचा साइटवरून फोन. म्हणाला, बॉस, तुमच्या पलीकडच्या पायाची खुंटी कमरेएवढ्या पाण्यात येतेय, ठोकू का? म्हटलं, मोजणीचं मशीन नीट लाव.

१०.३०
नीट लावलं. आता छातीएवढ्या पाण्यात. खुंटी तीच आहे म्हणे, भरती आली.

११.००
मशीन बिघडलेलं असणार.

दुपारी ४
मशीन ठीक आहे. साहेबांच्या खोलीत सेरेआनाने दोन्ही सर्व्हे स्क्रीनवर एकावर एक ठेवले. एक रेघ माझ्या काठाची, एक खऱ्या. गर्डर तोकडे पडतात. नवे आता पुढच्या वर्षी एप्रिलनंतर, पावसाळा संपल्यावर. साहेबांनी एवढंच विचारलं, तुम्ही हो म्हणाला होतात ना? मी वादळाबद्दल काहीतरी बोललो.

७ जून
आईला लंबासाच्या हॉस्पिटलात आणलं. तराफ्यावरूनच. दोन बोटं काढली. डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का केला, पाय ओला का ठेवला? नदी आहे, असं सांगितलं. पूल होणार होता, हे नाही सांगितलं.
गावाने इंजिनिअर कापला. एक मांडी आठवणीने मला पाठवली. ती शेजाऱ्यांना दिली.

२९ जून
उद्घाटन याच आठवड्यात होतं. आई आता माझ्याकडे असते. सकाळी म्हणाली, मी आता अलीकडेच आहे, तेव्हा घाई करू नकोस, सावकाश काढ तुझा पूल. टोमणा नव्हता तो.
ऑफिसात सेरेआनाला म्हटलं, शेजारी बस आणि शिकव. ‘सरका काका’ म्हणाली नाही. माउस माझ्याच हातात राहू दिला. नवा सर्व्हे जोडला. पाया पाण्यात गेला. जाऊ दिला. काठापासून किती आत ते मोजलं. एक मीटर चाळीस.
संध्याकाळी आईने विचारलं, कितीने चुकला होता रे? हात पसरून दाखवलं. हातांमधली ती जागा तिने नजरेने मोजली. म्हणाली, एवढंच? एवढी तर मी उडी मारायचे.
मग चहात साखर मागितली. दिली नाही. दोघांनीही बिनसाखरेचा घेतला.