ताईच्या लाल बाटल्या

मंगळवार, संध्याकाळ

ताई लग्न होऊन सुलतानपूरला गेल्यापासून आमचा जुना व्हिडिओ गेम आज पहिल्यांदा लावला. तिची योद्धी गुहेतल्या राक्षसापुढं तशीच उभी आहे. जीव थोडासाच उरलाय, आणि पिशवी औषधाच्या लाल बाटल्यांनी भरलेली. मी म्हणायची, "पी ना एक." तर ताई म्हणे, "राहू दे, पुढं लागंल." बाटल्या तशाच ठेवून मरायची.

दुपारी फोनवर तिचा आवाज बसलेला होता. "ताई, रडून राह्यली का?"

"नाही वं, सर्दी हाय. तू अभ्यास कर."

सर्दी? मग बोलताना मधेच गप्प का होत होती?

तिच्या योद्धीला मीच एक लाल बाटली पाजली. मीही तिनं पुढं लागंल म्हणून ठेवलेली एक बाटलीच असेन. उद्या सकाळच्या बसनं जाते, तिनं बोलावलं नसलं तरी.