बाळंतिणींची मोटार

आबा,

मोटार घरी आली त्या दिवशी सगळं गाव हसत होतं आणि एकटे तुम्ही हसत नव्हता, हे मला अजून लख्ख आठवतं. हिंगोलीच्या कापसाच्या जिनवाल्या शेठनं नवी गाडी घेतली म्हणून त्याची जुनी तुम्ही आणली होती. काळी, कापडी टपाची, समोर दोन मोठे दिवे. नरसीकडच्या गाडीवाटेनं ती धूळ उडवत आली तेव्हा बाया भरल्या घागरी कडेवर घेऊन तशाच थबकल्या. आत्यानं पोळ्याला बैलांचे पाय धुवावेत तसं तिच्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि मग हळूच तुम्हाला विचारलं, "दादा, काहून आणली रे ही? कुठं जायचंय तुला?" तुम्ही म्हणालात, "जायचंय." एवढंच. पंचक्रोशीत कुणाकडं मोटार नव्हती. माणसं म्हणायला लागली की बायको गेली अन् मालक शौकीन झाले. हे तुमच्या कानावर येत होतं.

माय जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिला कळा सुरू झाल्या, सकाळची दुपार झाली, सुईणीनं हात टेकले, तेव्हा तुम्ही बैलगाडी जुंपलीत. गाडीत कडबा पसरला, त्यावर गोधडी घातली, मायला उचलून ठेवलं. मी दारात उभी होते. मायनं माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे काय म्हणाली ते मला आजवर कळलेलं नाही. दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत ती गेलीच नव्हती. ओढ्यापाशी काहीतरी झालं, एवढंच मोठी माणसं आपापसांत बोलायची आणि आम्ही लेकरं जवळ गेलो की गप्प व्हायची. बाळही गेलं. तुम्ही बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, आणि गोठ्यात बराच वेळ तसेच उभे राहिलात.

मोटार शिकलात ती खळ्यावर. सुगी संपलेली, खळं मोकळं. मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, तुम्ही मोटार गरगर फिरवायचात आणि कुंपणाबाहेर गर्दी जमायची. "मालक, मळणी करून राहिले व्हय मोटारीनं?" असं कुणीतरी ओरडलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. एकदा गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घुसली. तुम्ही उतरलात, अंगावरची धसकटं झटकलीत, हँडल मारलंत, पुन्हा बसलात. मी शेजारी बसायची. हँडल मारताना तुमच्या मानेवरची शीर ताठ व्हायची आणि इंजिन लागलं की ती सैल पडायची. मला वाटायचं, आता तुम्ही माझ्याकडं बघून हसाल. तुम्ही पुढं बघायचात.

आणि मग ती दुपार. आपण जेवत होतो. आत्या चुलीपुढं, तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली. दारात लमाणांच्या तांड्यावरचा एक गडी येऊन उभा राहिला. धावत आला होता, बोलायला दम पुरत नव्हता. "मालक, बाई अडली. कालपासून तकलीफ चालू हाय. पाहवंना. मोटार काढा." तुम्ही हातातला तुकडा ताटात ठेवलात. आत्या म्हणाली, "दादा, जेवण तरी कर." तुम्ही हात धुतलेत आणि माझ्याकडं पाहिलंत. "चल," म्हणालात. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया मोटारीत बसायला तयार होईनात, त्यांना त्या आवाजाचंच भेव. बाईबरोबर कुणीतरी बाईमाणूस पाहिजे, म्हणून परकर नेसणारी मी मागं बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन. कोपरापर्यंत बांगड्या होत्या तिच्या. कळ आली की ती माझा हात धरायची आणि त्या बांगड्या माझ्या मनगटात रुतायच्या. ती तिच्या भाषेत काहीबाही बोलत होती. मला एक शब्द कळत नव्हता. मी आपली गाव सोडल्यापासून म्हणत होते, "आलं, हिंगोली आलं."

खरंच आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही पाठीमागं हात बांधून येरझाऱ्या घालत होता, जसं काही तुमच्याच घरचं माणूस आत आहे. नर्सबाई बाहेर आली तेव्हा मुलगा की मुलगी हे तुम्ही विचारलं नाहीत. "लेकरू रडलं का?" असं विचारलंत. ती म्हणाली, "रडलं की, ऐकू नाही आलं?" तुम्ही तिथंच पायरीवर बसलात. मोटार कशासाठी घेतली ते मला त्या पायरीवर कळलं, आबा.

त्यानंतर ती बाळंतिणींची मोटार झाली. लोकच तसं म्हणायला लागले, आणि हसायचे थांबले. अडलेली बाई कुणाची, कुठल्या घरची, तुम्ही पाहिलं नाहीत. पेरणीच्या घाईत तिफण शेतात सोडून आलात, तापानं फणफणलेले असताना उठलात. मी दर खेपेला मागं. पुढं लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा तुम्ही मोटार दुसऱ्या कशालाच बाहेर काढेनासे झालात. मैत्रिणींना घेऊन नरसीच्या जत्रेला मोटारीनं जायचं माझ्या फार मनात होतं. मी धीर करून विचारलं. तुम्ही पेट्रोलचा डबा माझ्यासमोर हलवून दाखवलात. आत तळाशी थोडं खुळखुळलं. "हे मिरवायला न्हाई," म्हणालात. आवाज चढवला नव्हता, तरी मी त्या दिवशी जेवले नाही.

माझ्या लग्नातही तुम्ही तेच केलंत. शिरड शहापूरकडचं सासर, पाहुणे तालेवार, नवरीला मोटारीनं पाठवणार असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. मीही धरलं होतं. आणि सकाळी अंगणात पाहते तो बैलगाडी सजवलेली. कुंभाराच्या सुनेचे दिवस भरले होते, मोटार गावाबाहेर जाणार नव्हती. मी नव्या लुगड्यात, हळदीच्या अंगानं तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, आज तरी." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तुला बैल नेतील, माय. तिला बैल नेणार न्हाईत." मी अर्ध्या वाटेपर्यंत रडत गेले. लोकांना वाटलं नवरी माहेरासाठी रडतेय. पुढं कळलं की कुंभाराची सून घरीच सुखरूप बाळंत झाली, मोटार लागलीच नाही. ते ऐकून मला राग यायला पाहिजे होता. पण मला दिसत राहिलं ते वेगळंच. माझी गाडी वेशीबाहेर पडताना मी मागं वळून पाहिलं होतं. सगळे हात हलवत होते. तुम्ही मोटारीला टेकून उभे होता आणि उपरण्यानं तोंड पुसत होता.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाचं राज्य जायला आलेलं, आणि जाता जाता गावोगाव बंदूकवाली माणसं फिरत होती. सोनंनाणं, धान्य, बैल, दिसेल ते उचलून नेत. लोक रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागले. माझे मालक आधीच तिकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कँपात होते. मी पोटुशी, पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडं आलेली. माझा भाऊ, आत्या, सुईण, निम्मं गाव पलीकडं गेलं. मला त्या वाटेनं नेणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही थांबलात. मोटार तुम्ही कडब्याच्या गंजीत लपवली होती. बाहेरून पाहिलं तर नुसती गंज.

उजाडता उजाडता मला कळा सुरू झाल्या. मी हाक मारली तेव्हा तुम्ही उठून बसलेलेच होता. तुम्ही गंजीच्या पेंढ्या ओढून बाजूला फेकत होता आणि मी उंबऱ्यात बसून पाहत होते. दिव्यांत कडब्याची पानं अडकलेली, टपावर चिमण्यांची शीट. हँडल फिरवताय, इंजिन नुसतं खोकतंय. तुमची ती मानेवरची शीर. मग लागलं. मागच्या सीटवर गोधडी घातलीत, मला उचलून ठेवलंत, मी एवढी जड असताना. आणि पहिल्यांदाच मागं माझ्या जागी बसायला कुणी नव्हतं.

ओढ्याला पाणी होतं. रात्री वर कुठं पाऊस झाला असेल. तुम्ही गाडी थांबवलीत, धोतर खोचून पाण्यात उतरलात, पलीकडच्या काठापर्यंत पाय चाचपत गेलात आणि परत आलात. गुडघ्याएवढं होतं. गाडीत बसलात, पण गाडी घातली नाहीत पाण्यात. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात तसेच.

"हितंच," तुम्ही म्हणालात.

"काय, आबा?"

"तुझी माय. त्या पलीकडच्या चढाला गेली. गाळ एवढा, चाकं निघंनात. मी बैलांना मारत होतो. लई मारलं. ती म्हणली, मारू नका त्यांला, त्यांची काय चुकी. मंग बोललीच न्हाई."

मागून मला फक्त तुमची मान दिसत होती. मी तुमच्या खांद्याला हात लावला. तुम्ही मोटार पाण्यात घातलीत. पाणी पायदानाला लागलं, इंजिन अडखळलं, आणि मग आपण त्या चढावर होतो, आणि चढ संपला.

त्यापुढं तुम्ही बोलतच राहिलात. इतक्या वर्षांत मायचं नाव न काढणारे तुम्ही. ती पालीला कशी भ्यायची. तुम्हाला आवडतो म्हणून गूळ डब्याच्या तळाशी कशी लपवून ठेवायची आणि मग स्वतःच विसरायची. तिला एकदा हिंगोलीला जाऊन आगगाडी पाहायची होती, आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात, सुगी होऊ दे. "न्हाई दाखवली," म्हणालात. कळ आली की मी सीटची कड आवळून धरायची, तुम्ही थांबायचात, आणि ओसरली की विचारायचात, "हं?" मी म्हणायची, "सांगा." तुम्ही पुढं सांगायचात.

हिंगोलीच्या अलीकडं त्या बंदूकवाल्या माणसांनी गाडी अडवली. एकानं बंदुकीच्या नळीनं टप वर केला आणि आत पाहिलं. माझं तोंड पाहून तो मागं सरकला. त्याच्यापेक्षा वयानं मोठा एकजण पुढं आला, म्हणाला, "जाओ, जल्दी जाओ. लेकिन आते वक्त गाडी यहाँ छोडना." तुम्ही म्हणालात, "छोडतो." मला वाटलं, वेळ मारून नेताय.

दवाखान्यात मुलगी झाली. तिला पाहून, मला पाणी पाजून तुम्ही निघालात आणि त्याच रस्त्यानं गेलात. गाडी त्यांच्या हवाली केलीत, चालत घरी आलात. गावातल्या कुणी कुणी वेड्यात काढलं. पाऊलवाटा होत्या, दुसऱ्या अंगानं निसटता आलं असतं. पुढं मीही विचारलं. तुम्ही म्हणालात, "त्यायनं माझी लेक जाऊ दिली. बोललो होतो मी." थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची फौज आली, ते राज्य गेलं, माणसं वऱ्हाडातून परतली. वारंगा फाट्याकडं एका काळ्या मोटारीचा सांगाडा पडलाय असं कुणीतरी सांगत आलं. "आबा, बघून तरी या," मी म्हणाले. "काय बघायचं?" म्हणालात, आणि बैलांना कडबा टाकायला गेलात. पुन्हा मोटार घेतली नाहीत. दोन पावसाळे गेले आणि साध्या तापाचं निमित्त होऊन तुम्हीही गेलात. नात तेव्हा नुकती तुम्हाला हाक मारायला शिकली होती.

आता ती नातवंडांची आजी आहे. ओढ्यावर पूल झाला, रस्ता डांबरी झाला, गावात घरोघर गाड्या आहेत. तिच्या मुलाच्या गाडीतून मी कधी कधी हिंगोलीला जाते. पूल कधी आला नि कधी गेला, कळतही नाही. मुलं विचारतात, आजी, तू गाडीत बसल्यावर गप्प का होतेस? मी म्हणते, पोटात ढवळतं. हा कागद मी त्यांना दाखवणार नाही. तुमच्याकडं तर धाडता येणारच नाही, म्हणून इथं लिहून ठेवते, जे तेव्हा तुम्हाला सांगायला लाज वाटली. त्या सकाळी कळांनी जीव जात होता, बाळाचं काय होईल याची धास्ती होती, पुढं बंदुका होत्या. तरी आबा, तुम्ही मायचं सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, हिंगोली इतक्यात येऊ नये.