उशीर झाल्यास भीमपलासी

शुक्रवार पेठ, सोलापूर

ती. धोंडिरामदादा यांना धाकट्या दाजीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच). वहिनींचा गुडघा कसा आहे? वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावरही तुम्ही रोज कुर्डुवाडी स्टेशनात चक्कर मारता असं तुमची बहीण मथुरा सांगते. तिने फोन लावला की तुम्ही तासभर बोलता आणि मी हातात घेतला की रेंज जाते, म्हणून हे पत्र. आमच्या वास्तुशांतीला तुमचं सुंदरीवादन रंगात आलेलं असताना मी माईकवरून 'पुऱ्या गार होतायत, पंगतीला चला' असं म्हटलं आणि तुम्ही वाद्य पिशवीत घालून न जेवता निघून गेलात, तेव्हापासून चार वर्षं ती रेंज जाते आहे. त्यात माझं काय चुकलं हे मी बऱ्याच जणांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, म्हणून विचारणं बंद केलं.

परवा तुमचा निरोप पोचला. आपल्या उत्कर्षाच्या लग्नाला येईन, मामा म्हणून पोरीला बोहल्यावर आणून उभं करीन आणि न जेवता मिळेल त्या गाडीने परत जाईन. तो ऐकल्यापासून मथुरा माझ्याशी फक्त भाजी काय आणायची एवढंच बोलते. असो, त्याविषयी मला काही लिहायचं नाही. मला फक्त संगीताबद्दल सल्ला हवा आहे.

झालं असं की उत्कर्षाने बेंजो नको, डीजे नको, लग्न लागताना शास्त्रीयच हवं आणि तेही सुंदरीवर, असं बजावलं. सनईची ही धाकटी बहीण आपल्याच सोलापुरात नांदते, म्हणून भवानी पेठेत जाऊन तुमच्या शिष्याला, विरेशला गाठलं. लग्न बारा पस्तीसला म्हटल्यावर तो सारंग राग म्हणाला. मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात म्हणतो, "पत्रिकेतलं न्हाय काका, खरं किती वाजता लागणार ते सांगा की. अडीच वाजले तर भीमपलासी लागंल. चार वाजले तर मुलतानी." आता माझी सगळी नोकरी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेली, वेळा कानावर पडल्या की हाताला खाज सुटते. घरी येऊन तक्ता केला: १२.३५ सारंग, वऱ्हाड उशिरा आल्यास भीमपलासी, फारच उशीर झाल्यास मुलतानी. आणि (इथे चूक माझीच) तो दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत करमाळ्याहून व्याही आदिनाथरावांचा फोन. "आमचं वऱ्हाड म्हंजे मालगाडी हाय व्हय? उशिराचं गाणं आधीच काढून ठेवलंय तुमी." ही शास्त्राची गोष्ट आहे असं समजवायला गेलो, तर आता सकाळी आठलाच दारात येऊन उभे राहतो, काय वाजवायचं ते वाजवा, म्हणून फोन ठेवून दिला. त्यापायी जावईबापूंचा, म्हणजे ऋतुराजचा, वरातीतला नाच रद्द झाला. त्याच्या मित्रांनी मला काय काय पाठवलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. मी पुन्हा विरेशकडे. आठ वाजता वऱ्हाडाच्या स्वागताला तोडी, असं ठरलं. (मला तोडी आणि सारंग यांतला फरक फक्त घड्याळात कळतो.)

एवढं सगळं करून सुपारी द्यायला गेलो, तर त्याने हात मागे घेतला. "गुरुजी मांडवात असणार. त्यांच्या आज्ञेबिगर त्यांच्यासमोर मी सुंदरी तोंडाला लावणार न्हाय. परवानगी आणा." आणखी दोघांना गाठलं, तेही तुमचेच शिष्य निघाले आणि तेच बोलले. दादा, तुम्ही एवढी माणसं तयार केलीत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं.

तर विनंती एवढीच की विरेशला दोन ओळींची परवानगी पाठवावी. लग्न पुढच्या रविवारी आहे.

तुमचा दाजी,
महिपती

ता. क. १: पत्र उत्कर्षाने वाचलं. लग्न माझं, मामा माझा, आणि वाजवणार विरेशदादा, हे कुठलं शास्त्र, असं विचारते. वरची विनंती रद्द समजावी. विरेशला परवानगी देऊ नका. तुम्ही वाजवा.

ता. क. २: वास्तुशांतीला माझी चूक झाली. त्या दिवशी सगळी मंडळी उठून तुम्हाला थांबवायला फाटकापर्यंत धावली आणि मी एकटा वाढप्यांवर लक्ष ठेवत उभा राहिलो. हे चार वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

ता. क. ३: आदिनाथरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाव्हण्यांचं वाजवून झाल्याबिगर आमचा एक माणूस पानावर बसायचा न्हाय." तेव्हा राग कोणता आणि किती वेळ, ते तुम्हीच ठरवा, मी तक्ता फाडला आहे. तुमचं झालं की आपण दोघे शेवटच्या पंगतीला बसू. मथुरा स्वतः वाढणार आहे, आणि तुम्ही शेजारी असलात तर ती मलाही वाढेल.