चार वाजताची हजेरी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. उमरग्याहून सकाळची पहिली एसटी, धाराशिवला गाडी बदलली, अकराला साइटवर. जागा अपेक्षेपेक्षा चांगली आहे. उंच माळ, बासष्ट पवनचक्क्या, खाली चारी बाजूंना काढणीला आलेली ज्वारी. राहायला ऑफिसमागची खोली मिळाली. टेबल भक्कम, खिडकी नीट लागते, प्लगला अर्थिंग आहे. दुपारी गेटवर हुरडा भाजत होते, मलाही कागदात बांधून दिला. पुण्यात असा मिळत नाही.

काम स्पष्ट आहे. माळावर सात जीप फिरतात. रस्ते नाहीत, दगडातून पडलेल्या चाकोऱ्या आहेत, आणि टेकडीपलीकडे मोबाइलला रेंज नाही. इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला मागे बसलेल्या तंत्रज्ञाचंही ऐकू येत नाही. मला दोन गोष्टी निवडायच्या आहेत: गाडीतल्या गाडीत बोलायला हेडफोनचा इंटरकॉम, आणि गाडीतून ऑफिसशी बोलायला रेडिओ. तीन कंपन्यांचे नमुने आले आहेत. मी त्यांना अ, ब, क म्हणणार आहे. साइट मॅनेजर रणधीर सर म्हणाले की पंधरा दिवसांचं काम आहे. मला दहा पुरतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्यासाठी तीन नंबरची जीप दिली आहे. ड्रायव्हर बंडप्पा मुरूम गावचे, साठीला टेकलेले. मी त्यांना मामा म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. अंतर दोघांनाही सोयीचं आहे. 'अ'चे हेडफोन घालायला दिले तर म्हणाले की घरी बायको, गाडीत हे, मग कानानं मोकळं ऱ्हायचं कवा? मागचा तंत्रज्ञ हसला आणि ते हसू मला हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे माइक चांगला आहे.

पण इंजिनाचा वेग वाढला की बारीक शिट्टी येते. वायर थेट बॅटरीवरून घेतली, अर्थिंगची जागा बदलली. कमी झाली, गेली नाही. दुपारी दक्षिणेच्या घळीकडे चला म्हटलं. मामा म्हणाले तिकडं वाट न्हाय. नकाशावर आहे. उद्या बघू म्हणाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

घळीकडे आजही गेलो नाही. टायरचं कारण.

कंट्रोल रूम मथुराबाई सांभाळतात, आठ वर्षं झाली. त्यांच्या संचातून दिवसभर खरखर चालू असते, कारण कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारं बटण त्यांनी पूर्ण उघडं ठेवलं आहे. मी ते योग्य जागी आणलं. चहा घेऊन आले तर पुन्हा खरखर. पुन्हा फिरवलं. त्यांनी माझ्यादेखत परत उघडलं आणि शेंगा सोलायला बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, सवय हाय.

चार वाजता मी मामांच्या जीपमध्ये होते, तिथे रेडिओवर हजेरी ऐकली. मथुराबाई गाडीचा नंबर पुकारतात, ड्रायव्हर उत्तर देतो: एक, ठीक, परतलो. परतलो म्हणजे माळावरून खाली उतरलो. सगळे परतले की मथुराबाई हजेरीची वही मिटून घरी जातात. गाड्या रात्री आपापल्या गावी उभ्या असतात, त्यामुळे डोळ्यांनी मोजायची सोय नाही. आणि इथे गोम आहे. जो लवकर उतरतो तो टेकडीआड गेला की रेडिओच्या टप्प्यात राहत नाही, म्हणून त्याच्या नावाने दुसराच बोलतो. मामांनी माझ्यासमोर तीन म्हटलं, मग जरा घसा बदलून पाच. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, त्याच्या लेकीला बघायला पाव्हणं येनारेत, गेला बिचारा. कुणाला यात काही चूक वाटत नाही.

'क' डिजिटल आहे. जो संच बोलतो त्याचा क्रमांक ऐकणाऱ्याच्या पडद्यावर उमटतो. हा प्रकार त्याने बंद होईल.

आणखी एक. सात नंबरची गाडी नाही. तरी मथुराबाई सहानंतर चार-पाच सेकंद थांबतात, मग आठ पुकारतात. गाडी भंगारात गेली, एवढंच सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

'ब'ची चाचणी. चार वाजता सहानंतर मथुराबाई थांबल्या, आणि त्या जागेत एका पुरुषाने उत्तर दिलं. सात, ठीक, परतलो. आवाज थकलेला, घाई नसलेला.

मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आठ पुकारलं.

ड्रायव्हर लोकांना नवे संच नको आहेत हे मला कळतं. पण खोड्या काढायच्या तर निदान चाचणीच्या वेळी काढू नयेत. एका संध्याकाळचं मोजमाप वाया गेलं. रणधीर सरांना सांगितलं. ते म्हणाले की माणसं भोळी आहेत, जरा सांभाळून घ्या. मला भोळेपणाचं कोष्टक दिलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तेच. मी थेट मामांना विचारलं की सातच्या नावाने तुम्ही बोलता का. त्यांनी गाडी उभी केली. हेडफोन काढला, मांडीवर ठेवला. मग सांगितलं.

सात नंबर बब्रुवानची होती. दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, चारला तो बोलला नाही. मामांना वाटलं, बैलांची झूल आणायला लवकर उतरला असेल. त्याच्या नावाने मामांनी ठीक, परतलो म्हटलं. वही मिटली. बब्रुवान घळीत होता, गाडीखाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होता असं डॉक्टर म्हणाले. हात रेडिओच्या बटणावर होता. त्या संध्याकाळी मथुराबाईंच्या संचावर काहीतरी अगदी बारीक येत होतं. त्यांनी खरखर समजून बटण फिरवलं आणि घरी गेल्या.

मामा म्हणाले, त्या दिवसापासनं म्या त्याच्यासाठी तोंड उघडलं न्हाय. पाचसाठी बोलतो. त्याच्यासाठी न्हाय.

माझा विश्वास बसतो. म्हणजे दुसरा कोणीतरी आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

'क'चे संच सगळ्या गाड्यांत बसवले. आता क्रमांक दिसेल, प्रश्न संपेल. चारला मी कंट्रोल रूममध्ये, पडद्यासमोर.

सहा बोलला, पडद्यावर ०६. मथुराबाई थांबल्या. सात, ठीक, परतलो. पडद्यावर ००.

०० हा कंट्रोल रूमचाच संच आहे. आमच्या समोरचा. त्याचं बटण कुणी दाबलेलं नव्हतं.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला की असं होऊच शकत नाही. मला तेवढं माहीत होतं. फोन त्यासाठी केला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन नंबरमधला रेडिओ काढून खोलीत ठेवला. गाडीत फक्त इंटरकॉम: दोन हेडफोन, एक डबी, चार वायरी. बाहेरचं काही आत येण्याचा मार्ग नाही. माळावर मी आणि मामा, दोघंच. मामांना बोलू नका म्हटलं.

चार वाजून दोन मिनिटांनी ऐकू आलं. मामांनाही आलं. त्यांनी हेडफोन काढला नाही. हात स्टिअरिंगवर तसेच.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. सध्या नाही, असं लिहिते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन नंबर आज घरी गेली नाही.

ड्रायव्हर शंभुलिंग. जॅक निसटून तंत्रज्ञाचा हात चाकाखाली सापडला, साडेतीनला. शंभुलिंग रेडिओवर ओरडत होता. चारच्या हजेरीत दोनचं उत्तर आलं: दोन, ठीक, परतलो. शंभुलिंगच्या आवाजात. पडद्यावर ०२. मी स्वतः पाहिलं. वही मिटली. सहाला एक मेंढपाळ निरोप घेऊन आला म्हणून हात वाचला. दोन बोटं गेली.

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, दोनसाठी कोण बोललं म्हणून. कुणीच नाही. शंभुलिंग रडत म्हणाला की मी मदत मागत होतो, आणि माझ्याच कानात मी ठीक हाय म्हणत होतो.

रणधीर सर म्हणाले की ड्रायव्हर लोकांनी नमुना नापास करण्यासाठी रचलेलं नाटक आहे. बोटांचं विचारलं. त्यावर ते म्हणाले की अहवाल कधी देताय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रणधीर सरांना लेखी दिलं: कोणताही रेडिओ नको, टेकडीवर माणूस बसवा, दर गाडी डोळ्यांनी मोजा. परत आलं. शेरा: घळीतलं मोजमाप नाही, अहवाल अपुरा.

अपुरा आहे, हे खरं. आणि घळीच्या काठावर पुनःप्रक्षेपक ठेवला तर तळातली बारीक हाकसुद्धा ऑफिसपर्यंत पोचेल, हेही खरं. बब्रुवानची हाक कुणी ऐकली नाही. पुढच्याची ऐकू यावी, एवढं तरी माझ्या हातात आहे.

परवा जाणार. मामा यायला नको म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, तुमाला एकटं कसं सोडू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मथुराबाईंशी ठरवलं. तीन नंबरचं उत्तर आलं की त्या पाच आकडे विचारतील. आकडे मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिले. मोठ्याने उच्चारले नाहीत. मामांनाही सांगितले नाहीत. इथेही लिहीत नाही. आकडे चुकले किंवा आलेच नाहीत तर ताबडतोब घळीकडे माणसं. आले तर वही मिटवायची.

मथुराबाईंनी चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. म्हणाल्या, नका जाऊ बाई. मी म्हटलं, पद्धत पक्की आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

२.५० — काठावर पुनःप्रक्षेपक लावला. खाली उतरतो आहोत. सिग्नल पूर्ण. आवाज स्वच्छ.

३.२० — चाकोरीची कड सुटली. गाडी घळीत, कुशीवर. मामांचे पाय स्टिअरिंगखाली. मांडीतून रक्त — पट्टा आवळून बांधला. माझा डावा पाय हलत नाही. रेडिओ चालू आहे.

३.३५ — अकरा वेळा हाक दिली. मथुराबाई बोलतात ते स्पष्ट येतं, पाच नंबरशी काहीतरी डब्याबद्दल. माझं त्यांना जात नाही. सिग्नल अजूनही पूर्ण दाखवतो —

३.४५ — पट्ट्याखालून गळतंय. मामांकडे अंदाजे तासभर. मामांनी मॅडम म्हणणं सोडलं. पोरी म्हणतात. म्हणतात, त्यानं बी असंच ऐकलं असंल गं. माझ्या तोंडनं. ठीक हाय म्हणून.

३.५८ — चारला कळेल त्यांना. आकडे नाहीत म्हटल्यावर कळेल. पाऊण तासात माणसं इथं. पुरेल. मामांना तसं सांगितलं.

४.०० — एक. दोन.

तीन पुकारलं. बटण दाबून ओरडले, घसा फाटेपर्यंत —

कानात माझाच आवाज. ओरडणारा नाही. अहवाल वाचतानाचा. तीन, ठीक, परतलो.

मथुराबाईंनी विचारलं. आकडे सांगा म्हणाल्या. विसरल्या नाहीत.

खरखर.

त्याला येत नाहीत. मामा, त्याला येत नाहीत —

चार.

पहिला आकडा बरोबर. योगायोग. दहात एक —

नऊ.

शून्य. मी जशी थांबते तशीच थांबून —

दोन.

एकच उरला. चुकू दे. एकच चुकू दे. श्वास घेतोय, नाकातून, माझ्यासारखा, आणि